सीव्ही : न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर

कुठल्याही कॉलेजच्या रस्त्यावर झेरॉक्सचं एक दुकान असतंच, आणि त्याच्या काचेवर ‘पॅन, पासपोर्ट, लाइट बिल, बायोडेटा’ असं एका दमात लिहिलेलं असतं. आत गेलं की दुकानदार एक जुनी फाइल उघडतो, आधीच्या गिऱ्हाइकाचं नाव खोडून तुमचं टाकतो, टक्केवारी बदलतो आणि पाच मिनिटांत दोन पानं हातावर ठेवतो. वर मधोमध ठळक अक्षरांत ‘बायोडेटा’. खाली वडिलांचं नाव, जन्मतारीख, वैवाहिक स्थिती, धर्म, राष्ट्रीयत्व. मग दहावी-बारावीच्या टक्क्यांचा तक्ता. छंद : वाचन, क्रिकेट, संगीत ऐकणे. शेवटी ‘वरील सर्व माहिती माझ्या माहितीप्रमाणे खरी आहे’ अशी ग्वाही, ठिकाण, दिनांक आणि सही. काही कागदांवर तर उंची आणि वर्णही सापडतो. तो मजकूर मुळात वेगळ्याच जुळणीसाठी तयार केलेला असतो.

या कागदात खोटं काही नसतं. अडचण एवढीच, की त्या माणसाला काम काय येतं हे दोन पानं वाचूनही कळत नाही.

या साच्याचं वळण सरकारी अर्जाचं आहे, आणि सरकारी अर्जात ते योग्यही आहे. तिथे वयोमर्यादा असते म्हणून जन्मतारीख लागते, आरक्षण असतं म्हणून प्रवर्ग लागतो, आणि निवड बहुतेकदा परीक्षेच्या गुणांवर होते, म्हणून तुम्ही आधीच्या नोकरीत काय केलंत याला फारसं महत्त्व नसतं. खासगी नोकरीचा व्यवहार नेमका उलटा. तिथे छापील रकाने नसतात. सरकारी अर्जात प्रश्न समोरचा विचारतो, आपण उत्तर भरायचं. सीव्हीत प्रश्न आपणच ओळखायचा असतो. चांगला सीव्ही आणि वाया जाणारा सीव्ही यांतला बराचसा फरक इथेच पडतो. भाषा, मांडणी, फाँट हे सगळं त्यानंतर.

जाहिरातीत लपलेला प्रश्न

एक उदाहरण जरा जवळून पाहू. समजा, रांजणगाव एमआयडीसीतल्या एका कारखान्याची जाहिरात आहे : ‘इलेक्ट्रिकल मेंटेनन्स इंजिनिअर. डिप्लोमा किंवा बीई. ३ ते ५ वर्षं अनुभव. पीएलसी आणि ड्राइव्हची माहिती आवश्यक. तिन्ही शिफ्टमध्ये काम करण्याची तयारी. ब्रेकडाउन कमी करण्याचा अनुभव असल्यास प्राधान्य.’

वरवर ही पात्रतांची यादी. जरा थांबून वाचलं तर कारखान्याचं दुखणं दिसायला लागतं. बहुधा रात्रपाळीत लाइन बंद पडते, हजर असलेल्याला पीएलसीतला, म्हणजे यंत्रं चालवणाऱ्या नियंत्रकातला, दोष सापडत नाही, आणि सकाळी सीनियर येईपर्यंत उत्पादन थांबून राहतं. त्यांना हवा आहे तो रात्री दोन वाजता कुणाला फोन न करता लाइन सुरू करणारा माणूस. मग सीव्हीच्या वरच्या एक तृतीयांश भागातच तीन गोष्टी दिसायला हव्यात : कुठल्या पीएलसीवर हात बसलेला आहे, रात्रपाळी एकट्याने सांभाळली आहे का, आणि ब्रेकडाउन कमी केल्याचा काही पुरावा आहे का.

तोच माणूस उद्या एखाद्या मोठ्या हॉस्पिटलच्या देखभाल विभागात अर्ज करणार असेल, तर त्याच अनुभवातले डीजी सेट, यूपीएस, लिफ्ट आणि ऑपरेशन थिएटरचा अखंड वीजपुरवठा वर यायला हवेत. माणूस तोच, शिक्षण तेच, प्रश्न वेगळा. एकच सीव्ही शंभर ठिकाणी पाठवणारा शंभर ठिकाणी थोडं थोडं चुकलेलं उत्तर पाठवत असतो.

हे करायची पद्धत साधी आहे. जाहिरात कागदावर उतरवून घ्या, महत्त्वाच्या मागण्यांखाली रेघ मारा आणि प्रत्येकीसमोर स्वतःच्या कामातला एक प्रसंग लिहा. निम्म्याहून जास्त मागण्यांसमोर काहीच लिहिता आलं नाही, तर ती नोकरी आज आपली नाही, हे शांतपणे मान्य करावं. पण एखाद-दुसरी जागा रिकामी राहिली म्हणून अर्जच न करणं हेही चूक. जाहिरातीत कंपनीने आदर्श माणसाचं वर्णन केलेलं असतं. तसा तंतोतंत माणूस त्यांनाही क्वचितच मिळतो.

एका कागदाचे तीन वाचक

सीव्ही एकच असला तरी त्याला वाचक तीन असतात, आणि तिघांच्या आवडीनिवडी निराळ्या.

पहिला वाचक म्हणजे संगणक. नोकरी डॉट कॉम १९९७ मध्ये सुरू झालं, लिंक्डइन २००३ मध्ये. आज अशा ठिकाणी साठलेल्या प्रोफाइलमध्ये कंपन्या आणि कन्सल्टंट पैसे भरून शोध घेतात. शोधणारा माणूस ‘पीएलसी’, ‘मेंटेनन्स’, ‘३ ते ५ वर्षं’, ‘पुणे’ असे शब्द टाकतो आणि समोर आलेल्या यादीतून पुढे जातो. तुमच्या सीव्हीत ‘ऑटोमेशनची आवड’ एवढंच असेल, तर त्या यादीत तुम्ही येतच नाही. म्हणून जाहिरातीत जो शब्द आहे तोच वापरावा. आणि एखाद्या गोष्टीचं संक्षिप्त आणि पूर्ण अशी दोन्ही रूपं चालत असतील, तर दोन्ही एकदा तरी यावीत.

या यंत्रणेविषयी अफवाही पुष्कळ आहेत. ‘सॉफ्टवेअर सीव्ही वाचून परस्पर केराच्या टोपलीत टाकतं’ ही त्यातली सगळ्यात लाडकी. प्रत्यक्षात अर्ज सांभाळणारी बहुतेक सॉफ्टवेअर अर्ज साठवतात, त्यातला मजकूर वेगवेगळ्या रकान्यांत टाकतात आणि शोधल्यावर क्रमाने दाखवतात. परस्पर नकार येतो तो बहुधा ऑनलाइन अर्जातल्या थेट प्रश्नांमुळे : परवाना आहे का, अमुक शहरात यायची तयारी आहे का, अनुभव किती. तिथे ‘नाही’ म्हटलं की गाडी तिथेच थांबते.

खरा धोका वेगळाच आहे. दोन स्तंभांची मांडणी, तक्ते, चौकटीत ठेवलेला मजकूर, पानाच्या शिरोभागात टाकलेला फोन नंबर किंवा मोबाइलने फोटो काढून केलेली पीडीएफ यांमुळे मजकुराची सरमिसळ होते किंवा तो वाचलाच जात नाही. याची घरच्या घरी परीक्षा घेता येते. पीडीएफ उघडायची, सगळा मजकूर कॉपी करायचा आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करायचा. तिथे तो वरून खाली सलग, नीट क्रमाने दिसला तर यंत्रालाही दिसेल. शब्द एकमेकांत घुसले असतील, तर मांडणी साधी करायची. मराठी माध्यमाच्या शाळा, वृत्तपत्रं, अनुवाद किंवा स्वयंसेवी संस्था यांच्यासाठी मराठीत सीव्ही करणाऱ्यांनी तर ही परीक्षा घ्यायलाच हवी. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप केलेली सुरेख मराठी नोटपॅडमध्ये अनेकदा इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ होऊन बसते.

दुसरा वाचक म्हणजे एचआरमधली व्यक्ती किंवा कन्सल्टंट. ही वाचत नाही, चाळते. अमेरिकेतल्या ‘लॅडर्स’ या नोकरीविषयक संकेतस्थळाने भरती करणाऱ्यांच्या डोळ्यांची हालचाल टिपून पाहिली होती. २०१२ मध्ये पहिल्या नजरेचा काळ सुमारे ६ सेकंद निघाला, २०१८ मध्ये ७.४ सेकंद. आकड्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे ती नजर कुठे फिरली. ती गेली नाव, सध्याचं पद आणि कंपनी, त्याआधीचं पद आणि कंपनी, तारखा आणि शिक्षण यांच्यावर. म्हणून अनुभव उलट्या क्रमाने लिहायचा, आत्ताचं काम आधी. पद, कंपनी, गाव आणि महिना-वर्ष प्रत्येक वेळी त्याच जागी, त्याच पद्धतीने. रंगीत पट्ट्या काढून ‘पीएलसी ८० टक्के, टीमवर्क ९० टक्के’ असं दाखवायची एक फॅशन आली आहे. ८० टक्के कशाचे, हे ना लिहिणाऱ्याला सांगता येतं ना वाचणाऱ्याला कळतं.

तिसरा वाचक म्हणजे विभागप्रमुख. हा मात्र पेन घेऊन बसतो, कारण मुलाखतीत काय विचारायचं हे तो तुमच्याच कागदावरून ठरवतो. सीव्हीतली प्रत्येक ओळ म्हणजे त्याला दिलेलं आमंत्रण. ज्याच्याविषयी विचारलेलं आवडेल ते लिहावं, आणि ज्याच्यावर दोन मिनिटं बोलता येणार नाही ते लिहूच नये.

एक ओळ खोलून पाहू

आपल्या मेंटेनन्सवाल्याकडे परत जाऊ. त्याच्या सीव्हीत सध्याच्या नोकरीखाली एवढंच आहे : ‘ब्रेकडाउन व प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्सची जबाबदारी सांभाळली. सीनियरना मदत केली. कामाची नोंद ठेवली.’ (उदाहरणं इथे मराठीत आहेत, तुमचा सीव्ही इंग्रजीत असला तरी रीत तीच.)

हे वाक्य महाराष्ट्रातल्या कुठल्याही एमआयडीसीतल्या कुठल्याही मेंटेनन्सवाल्याला चालेल. ज्या ओळीवर कुणीही सही करू शकतो, ती ओळ तुमची नव्हे. ती तुमची करायला सहा प्रश्न विचारायचे. पसारा केवढा? एकट्याने की टीममध्ये? अडचण काय होती? तुम्ही नेमकं काय केलंत? त्याने काय बदललं? आणि हे कशावरून म्हणता?

समजा, त्याची उत्तरं अशी आली. शॉपवर १४ पॉवर प्रेस आणि २ रोबोटिक वेल्डिंग सेल. रात्रपाळीत इलेक्ट्रिकलचा तो एकटाच. प्रेसच्या सेन्सरची केबल सारखी तुटायची, कारण ती स्क्रॅप पडण्याच्या वाटेवरून नेलेली होती. त्याने केबलचा मार्ग बदलून ती कंड्यूटमधून नेली आणि टोकाला चटकन बदलता येणारा कनेक्टर बसवला. ब्रेकडाउन रजिस्टरप्रमाणे महिन्याला सरासरी २२ तास बंद राहणारी लाइन सहा महिन्यांत १३ तासांवर आली.

आता ओळ अशी होते : ‘१४ पॉवर प्रेस व २ रोबोटिक वेल्डिंग सेलची रात्रपाळीतली विद्युत देखभाल स्वतंत्रपणे. वारंवार तुटणाऱ्या सेन्सर केबलचा मार्ग बदलून ब्रेकडाउन सहा महिन्यांत महिन्याला २२ तासांवरून १३ तासांवर.’

यात ‘मेहनती’, ‘प्रामाणिक’, ‘शिकण्याची आवड’ यातला एकही शब्द नाही, आणि तरी तिन्ही गुण दिसतात. विभागप्रमुख मुलाखतीत त्या केबलबद्दल विचारणारच, आणि तिच्यावर हा गडी दहा मिनिटं सहज बोलेल.

दोन पथ्यं मात्र पाळायची. काम पाच जणांनी केलं असेल तर ‘पाच जणांच्या टीममध्ये, केबलच्या नव्या मार्गाचं काम माझ्याकडे’ असं लिहायचं. सगळं श्रेय लाटणारा माणूस पहिल्या उलट प्रश्नातच उघडा पडतो. आणि जुन्या कंपनीची गुपितं, म्हणजे ग्राहकांची नावं, दर, नफा, नव्या कंपनीला सांगायची नाहीत. ती वाचून नवा मालक खूश होत नाही. हा उद्या आपलीही अशीच सांगेल, एवढं त्याच्या लक्षात येतं.

आकडे नसलेली कामं

प्रत्येक कामाचा निकाल टक्क्यांत मोजता येत नाही, आणि ओढूनताणून काढलेला टक्का लगेच ओळखू येतो. ‘कर्मचाऱ्यांचं मनोबल ३५ टक्क्यांनी वाढवलं’ हे वाचून मनोबल कुठल्या मीटरवर मोजलं, असंच मनात येतं. अशा वेळी निकालाऐवजी कामाचा आवाका आणि वारंवारिता सांगावी.

अकाउंटंटने ‘जीएसटीचं काम पाहिलं’ असं लिहिण्यापेक्षा ‘१८ ग्राहकांची जीएसटीआर-१ आणि जीएसटीआर-३बी दरमहा, टॅली प्राइम, टीडीएसची तिमाही विवरणपत्रं’ असं लिहिलं की समोरच्याला त्याचं टेबल दिसतं. नर्सने ‘रुग्णांची सेवा केली’ याऐवजी ‘३० खाटांचा सर्जिकल वॉर्ड, रात्रपाळीत दोघींवर जबाबदारी, नव्या नर्सना पहिल्या महिन्यात प्रशिक्षण’ असं लिहावं. गणिताच्या शिक्षकाने ‘आठवी ते दहावी, सेमी इंग्रजी, दर वर्षी तीन तुकड्या, आठवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेचे जादा वर्ग’ असं.

ज्यांनी अजून नोकरीच केलेली नाही त्यांना वाटतं, आपल्याकडे लिहिण्यासारखं काहीच नाही. कॉलेजचा प्रकल्प असतो; त्यात चौघांपैकी तुम्ही नेमकं काय केलंत ते लिहा. अॅप्रेंटिसशिप असते. वडिलांच्या दुकानाचा जीएसटी भरलेला असतो, उधारीची वही सांभाळलेली असते. गणेश मंडळाचा खजिनदार म्हणून तीन वर्षं वर्गणी आणि खर्चाचा हिशेब ठेवून तो सर्वांसमोर मांडला असेल, तर लेखा विभागातल्या पहिल्या नोकरीसाठी तो ‘संगीत ऐकणे’ या छंदापेक्षा कितीतरी वजनदार अनुभव आहे.

पहिल्या तीन ओळी

सीव्हीच्या डोक्यावर ‘आव्हानात्मक वातावरणात काम करून कंपनीच्या व स्वतःच्या प्रगतीस हातभार लावणे’ असं उद्दिष्ट लिहायची जुनी प्रथा आहे. हे वाक्य इतक्या जणांनी इतक्यांदा उतरवून काढलं आहे, की डोळा त्यावर ठरतच नाही. त्या जागी तीन ओळींचा सारांश द्यावा : कोण, किती वर्षं, कशात, आणि या नोकरीला लागणारी सगळ्यात ठोस गोष्ट कोणती. ‘इलेक्ट्रिकल मेंटेनन्स इंजिनिअर, ४ वर्षं, प्रेस शॉप. सीमेन्स पीएलसीवर दोष शोधणं व दुरुस्ती. रात्रपाळी स्वतंत्रपणे सांभाळण्याचा २ वर्षांचा अनुभव. नोटीस ३० दिवस.’ नोटीसचा काळ कमी असेल तर तो वर सांगण्यात फायदा आहे. अनेक कंपन्यांत तो तीन महिन्यांचा असतो आणि घाईत असलेली कंपनी आधी तेच पाहते. पगाराचा आकडा मात्र सीव्हीत नको. विचारला तर मेलमध्ये किंवा फोनवर सांगता येतो.

लांबी किती? पहिली काही वर्षं एक पान, पुढे दोन. प्राध्यापकी आणि संशोधन हा अपवाद. तिथे प्रकाशनांची यादी लागते आणि पानं वाढतात. तीन-चार वर्षं काम झाल्यावर शिक्षण खाली जातं आणि दहावी-बारावीचे टक्के, कुणी मागितले नसतील तर, गळून पडतात.

काय गाळायचं, आणि का

वडिलांचं नाव, धर्म, वैवाहिक स्थिती, पूर्ण पत्ता, आधार आणि पॅनचा नंबर, सही आणि ग्वाही, हे सगळं काढून टाकावं. आधार-पॅनचं कारण उघड आहे. सीव्ही कुणाकुणाच्या हाती जातो याचा पत्ता नसतो आणि नोकरीच्या नावाखाली फसवणूक करणाऱ्यांना हेच हवं असतं. पत्त्याच्या जागी शहर पुरे.

धर्म-जातीचं कारण अधिक खोल आहे. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल या अभ्यासकांनी ऑक्टोबर २००५ पासून ६६ आठवडे एक प्रयोग केला. इंग्रजी वृत्तपत्रांतल्या खासगी कंपन्यांच्या ५४८ जाहिरातींना त्यांनी ४,८०८ अर्ज पाठवले. तुलना होती ती सारख्या शिक्षणाच्या आणि अनुभवाच्या, फक्त नाव वेगळं असलेल्या अर्जांची. २००७ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पुढच्या फेरीसाठी बोलावणं येण्याची शक्यता उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला साधारण दोन तृतीयांश होती आणि मुस्लिम नावाला एक तृतीयांश. अमेरिकेत मेरियन बर्ट्रांड आणि सेंधिल मुल्लैनाथन यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अशाच प्रयोगात, बॉस्टन आणि शिकागोमध्ये गोऱ्या वाटणाऱ्या नावांना काळ्या वाटणाऱ्या नावांपेक्षा सुमारे ५० टक्के जास्त बोलावणी आली होती.

यावर सीव्ही लिहिणाऱ्याकडे पूर्ण उपाय नाही. आडनाव तर गाळता येत नाही. हा दोष वाचणाऱ्याचा आहे, आणि तो दूर करायची जबाबदारीही कंपनीची. पण ज्या माहितीचा कामाशी संबंध नाही आणि जिच्यावरून पूर्वग्रह जागा होऊ शकतो, ती स्वतःहून वाढून देण्याचं काही कारण नाही. फोटोचंही तेच. कुणी मागितला तर द्यावा, एरवी नको. लहान मुलं असलेल्या स्त्रियांनी ‘विवाहित, एक मुलगा’ असं लिहिण्याची तर मुळीच गरज नाही; पुरुषांच्या सीव्हीत ते कुणी शोधत नाही.

नावाची एक खास आपली भानगड आहे. महाराष्ट्रात दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी येतं, मग स्वतःचं, मग वडिलांचं. आधारवर क्रम वेगळा, पॅनवर स्पेलिंग वेगळं, आणि लग्नानंतर अनेकींचं मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदललेलं. कागदपत्रांच्या पडताळणीत यावरून आठवडेच्या आठवडे जातात. सीव्हीवर व्यवहारात वापरता तेच नाव ठेवा, पदवी जुन्या नावाने असेल तर शिक्षणाच्या ओळीत ते नमूद करा, आणि पॅन, आधार, बँक आणि पीएफ यांवरची नावं नोकरी शोधायला लागण्याआधीच जुळवून घ्या.

मधली मोकळी वर्षं

पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमधून दर वर्षी अशी कितीतरी मुलं-मुली बाहेर पडतात, ज्यांची तीन-चार-पाच वर्षं स्पर्धा परीक्षेत गेलेली असतात. आता खासगी नोकरी शोधायची तर मधली वर्षं कशी दाखवायची, हा प्रश्न त्यांना छळतो. कुणी मित्राच्या फर्मचं अनुभवपत्र आणतं, कुणी तारखाच गाळतं. दोन्ही घातक. सरळ लिहावं : ‘२०१९ ते २०२३ : राज्यसेवा परीक्षेची पूर्णवेळ तयारी. २०२१ मध्ये मुख्य परीक्षेसाठी पात्र.’ सोबत त्या काळात शिकवण्या घेतल्या असतील, टेस्ट सिरीजचे पेपर तपासले असतील, तर तेही. लेखन, आकडेवारी वाचणं, कायदा आणि प्रशासन यांची समज या गोष्टी धोरणविषयक संस्था, सीएसआर, प्रकाशनं आणि प्रशिक्षण क्षेत्रात उपयोगी पडतात. यूपीएससीने २०१८ पासून, मुलाखतीपर्यंत पोहोचून अंतिम यादीत न आलेल्या इच्छुक उमेदवारांची माहिती नोकरी देणाऱ्यांना उपलब्ध करून देण्याची योजना राबवली आहे. २०२५ मध्ये तिचं ‘प्रतिभा सेतू’ असं नामकरण झालं. म्हणजे या वर्षांना बाजारात किंमत आहे, हे आयोगानेही मान्य केलं आहे.

बाळंतपण, आई-वडिलांचं आजारपण, कंपनी बंद पडणं यांसाठीही एक ओळ पुरे. ‘२०२० ते २०२२ : कौटुंबिक कारणासाठी नोकरीतून विराम.’ कारणाचा पाढा वाचायचा नाही आणि माफीही मागायची नाही. त्या काळात एखादा कोर्स केला असेल तर तो खाली लिहायचा.

खोटं कुठे सापडतं

तारखा ओढून खड्डे बुजवणाऱ्यांची पंचाईत आता फार लवकर होते. भविष्य निर्वाह निधीचा यूएएन हा क्रमांक २०१४ मध्ये आला आणि तो नोकरी बदलली तरी तोच राहतो. त्याच्या नोंदीत आधीच्या आस्थापना आणि तिथे रुजू झाल्याच्या, सोडल्याच्या तारखा येतात. नवी कंपनी ही नोंद मागते, रिलीव्हिंग लेटर मागते, फॉर्म १६ मागते, आणि मोठ्या कंपन्या पडताळणीचं काम त्रयस्थ संस्थेकडे देतात. आठ महिन्यांचे चौदा महिने केलेले असतील तर ते नोकरी लागल्यानंतरही उघड होतं.

मोठ्यांनाही हे चुकलेलं नाही. स्कॉट थॉम्प्सन हे जानेवारी २०१२ मध्ये याहूचे मुख्य कार्यकारी अधिकारी झाले. त्यांच्या परिचयात लेखाशास्त्राबरोबर संगणकशास्त्राची पदवीही नोंदलेली होती. प्रत्यक्षात पदवी लेखाशास्त्राचीच होती. हे बाहेर आल्यावर मे महिन्यात त्यांना पायउतार व्हावं लागलं. त्या खुर्चीवर बसायला त्या पदवीची गरजही नव्हती.

देश बदलला की कागद बदलतो

अमेरिका आणि ब्रिटनमध्ये फोटो, जन्मतारीख, वैवाहिक स्थिती काहीच द्यायचं नसतं. दिलं तर उलट अडचण वाटते. जर्मनीत फोटो लावायची जुनी रीत आहे, मात्र भेदभावविरोधी कायदा २००६ मध्ये आल्यापासून तो सक्तीने मागता येत नाही. तिथे सीव्ही तक्त्यासारखा, महिना-वर्षासह काटेकोर हवा असतो आणि मोकळ्या काळाबद्दल हमखास विचारलं जातं. महाराष्ट्राने २०२४ मध्ये जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केल्यापासून नर्स, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर असे अनेक जण तिकडे बघू लागले आहेत. त्यांनी भाषेपुढे ‘जर्मन येते’ असं न लिहिता ए१ ते सी२ या मापातली पातळी आणि उत्तीर्ण झालेली परीक्षा लिहावी. आखाती देशांत मात्र राष्ट्रीयत्व, व्हिसाची स्थिती आणि वाहन परवाना यांची माहिती सर्रास मागतात, तिथे ती द्यावी.

यंत्राकडून लिहून घेताना

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यापासून सीव्ही व्याकरणदृष्ट्या निर्दोष झाले आणि एकमेकांसारखेही. मराठी माध्यमातून शिकलेल्या आणि इंग्रजीला बिचकणाऱ्या माणसाला हे साधन मोठा आधार आहे. वाक्य नीट करून घ्यायला ते जरूर वापरावं. फक्त कच्चा माल आपला हवा. ‘मेंटेनन्स इंजिनिअरचा सीव्ही लिहून दे’ म्हटलं तर ते आपल्या मनाने चकचकीत ओळी घालेल, आणि त्यातल्या दोन मुलाखतीत अंगाशी येतील. आधी सहा प्रश्नांची उत्तरं साध्या मराठीत लिहून काढा, मग भाषांतर आणि काटछाट त्याच्यावर सोपवा. शेवटी प्रत्येक ओळ मोठ्याने वाचा आणि त्यावर दोन मिनिटं बोलून पाहा. बोलताना अडलात, तर ती ओळ काढा. पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरांत जाहिरातीतले शब्द लपवायची युक्तीही कुणी सांगेल. नोटपॅडच्या त्याच परीक्षेत ते शब्द लख्ख दिसतात.

पाठवण्याआधी बारीकसारीक गोष्टी : फाइलचं नाव ‘न्यू बायोडेटा फायनल २’ नको, स्वतःचं नाव आणि पद हवं. मेलच्या विषयात पद आणि जाहिरातीचा क्रमांक. मेलमध्ये चार-पाच ओळी : कोणत्या जागेसाठी, आपल्याकडचा सगळ्यात जवळचा अनुभव कोणता, कधीपासून येऊ शकतो. व्हॉट्सअॅपवर पाठवायचा असेल तरी पीडीएफच, स्क्रीनशॉट नव्हे.

हे सगळं करायला बसल्यावर बहुतेकांना एकच गोष्ट नडते : आकडे आठवत नाहीत. ब्रेकडाउन रजिस्टर जुन्या कारखान्यात, मेल कंपनीच्या खात्यात, आणि लॅपटॉप शेवटच्या दिवशी जमा केलेला. तेव्हा सीव्ही लिहायची खरी वेळ नोकरी सोडायचं मनात यायच्या कितीतरी आधीची. स्वतःच्या मेलमध्ये एक कच्ची फाइल ठेवावी आणि दर तीन महिन्यांनी तिच्यात चार ओळी टाकाव्यात : काय हाती घेतलं, काय बिघडलं होतं, काय सुधारलं, किती. कंपनीचे कागद उचलून आणायचे नाहीत, आपल्या कामाची आपली नोंद ठेवायची. वर्षअखेरीला अप्रेझलचा फॉर्म भरताना ती उपयोगी पडतेच. पगारवाढ मागताना त्याहून जास्त पडते. आणि ज्या तीन महिन्यांत तिच्यात लिहिण्यासारखं काहीच सापडत नाही, ते तीन महिने नोकरी बदलायची की नोकरीतलं काम बदलून मागायचं, हे ठरवायला पुरेसे असतात.